पक्षाघातोत्तर थकवा : मानसोपचार

पक्षाघातानंतर (पहा : पक्षाघात) टिकून राहणाऱ्या व विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्यावरील मानसशास्त्रीय उपचारपद्धती. हा थकवा सुमारे निम्म्या रुग्णांत आढळतो. हातापायांत ताकद परतल्यावरही तो राहू शकतो.

उगम : ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेला बोधात्मक उपचार (पहा : मानसोपचार) हा या पद्धतीचा पाया होय. नेदर्लंड्समधील चाचणीत (2012) 12 आठवड्यांच्या या उपचाराला क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामाची जोड दिल्यावर 58 टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. केवळ बोधात्मक उपचारात हे प्रमाण 24 टक्के होते.

स्वरूप : प्रथम रक्तक्षय, अवटुग्रंथीचे विकार, निद्राविकार व नैराश्य (पहा : नैराश्य) तपासतात. थकव्याची तीव्रता नऊ विधानांच्या मापनश्रेणीने (1989) ठरवतात. रुग्ण झोप, काम व थकवा यांची रोज नोंद ठेवतो, आंघोळ किंवा बाजारहाट टप्प्याटप्प्याने करतो आणि ‘दमलो म्हणजे पुन्हा झटका येणार’ यांसारखे विचार पडताळून पाहतो.

महत्त्व : या थकव्यावर खात्रीचे औषध नसल्याने ही पद्धत महत्त्वाची ठरते, मात्र तिचा पुरावा मर्यादित आहे. तिला मज्जाविकारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांचा समन्वय लागतो. उदाहरणार्थ, भोपाळच्या एम्समध्ये (स्थापना 2012) या दोन्ही तज्ज्ञांचे विभाग आहेत.