कॅप्टन मोल्सवर्थ यांचें पुनरागमन

मराठी-इंग्रजी कोशाच्या दोन जुन्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून त्यांचीं मुखपृष्ठें वाचलीं, तर एक लहानसा फरक नजरेस येतो. १८३१ सालच्या पहिल्या आवृत्तीवर कोशकर्ते म्हणून कॅप्टन जेम्स टी. मोल्सवर्थ यांचें नांव असून साह्यकर्ते म्हणून लेफ्टनंट थॉमस कँडी व लेफ्टनंट जॉर्ज कँडी या जुळ्या बंधूंचीं नांवें आहेत. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवर माणसें तींच आहेत. परंतु तेथें कॅप्टन नाहीं आणि लेफ्टनंटहि नाहीं. मधल्या सव्वीस वर्षांत या तिघांचे तीन मार्ग झाले होते, आणि त्यांपैकीं दोघांनीं कमरेची तलवार आपण होऊन उतरून ठेविली होती.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वयाची विशी गांठण्यापूर्वींच ते कंपनी सरकारच्या लष्करांत नोकरीस लागून हिंदुस्थानांत आले. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि एवढा मोठा मुलूख इंग्रजांच्या हातीं पडला. पण त्या मुलुखाची भाषा कांहीं तहनाम्याबरोबर हातीं येत नाहीं. कॅरे यांचा १८१० सालचा कोश होता, पुढें १८२४ सालीं केनेडी यांचाहि निघाला. परंतु खेड्यांतल्या पाटलाची कैफियत समजून घेण्यास हीं साधनें अपुरीं होतीं. तरुण लेफ्टनंट मोल्सवर्थ स्वतःच्या सोयीसाठीं शब्द टिपून ठेवूं लागले. पुढें मुंबई सरकारनें तें काम आपल्या आश्रयाखालीं घेतलें, १८२२ सालीं येथें आलेले कँडी बंधु त्यांच्या जोडीस आले, आणि परशुरामपंत गोडबोले यांच्यासारख्या विद्वानांचें साह्य मिळालें. त्याच सुमारास शास्त्रीमंडळीचा मराठी शब्दांस मराठी अर्थ देणारा कोशहि १८२९ सालीं प्रसिद्ध झाला.

मोल्सवर्थ ख्रिस्ती घरांत जन्मले, तेव्हां त्यांचा धर्म त्यांना वारशानेंच मिळालेला होता. पण वारशानें मिळालेला धर्म निराळा आणि ज्यासाठीं माणूस चालती नोकरी सोडतो तो धर्म निराळा. गळ्यांत माळ आहे एवढ्यानेंच कोणी वारकरी होत नाहीं, हें आपल्याकडेहि सर्वांस ठाऊक आहे. त्या काळीं कंपनीच्या कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मनांत धर्मविषयक खळबळ माजली होती. १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांना देशाचें दार उघडें झालें होतें. उलट सरकार मात्र देवस्थानांची व्यवस्था पाहत होतें, आणि उत्सवप्रसंगीं पलटणींना सलामीसाठीं उभें राहावें लागत होतें. मद्रासचे सरसेनापति सर पेरेग्रिन मेटलंड यांनीं याच कारणावरून १८३८ सालीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. मोल्सवर्थ यांचा प्रश्न मेटलंड यांच्यापेक्षांहि खोल होता. सलामी कोणाला द्यावयाची हा त्यांच्यापुढें मुद्दाच नव्हता. शस्त्र धरून पोट भरणें हेंच ख्रिस्ताच्या शिकवणीशीं जुळतें कीं नाहीं, असा तो प्रश्न होता. जुळत नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें आणि त्यांनीं सैन्यांतील हुद्दा सोडला. पुढच्या बढत्या, मानमरातब, सगळें त्याबरोबर गेलें. त्यांचें हें मत सर्वांस पटेल असें नाहीं. त्यांच्याच धर्माच्या बहुसंख्य लोकांना तें तेव्हांहि पटलें नव्हतें. परंतु पटलेल्या मताची किंमत रोख मोजणारीं माणसें थोडींच असतात.

कँडी बंधूंची गोष्ट याहून वेगळी आहे. एका आईच्या पोटीं एकाच वेळीं जन्मलेले, एकाच वर्षीं हिंदुस्थानांत आलेले आणि एकाच ग्रंथावर राबलेले हे दोघे भाऊ. त्यांपैकीं जॉर्ज यांनीं सैन्य सोडून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि मुंबईंत गरीब युरेशियन मुलांच्या शिक्षणाचें काम अंगावर घेतलें. थॉमस यांनीं धर्मोपदेशकाचा झगा घातला नाहीं. ते १८३७ सालीं पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेखीसाठीं नेमले गेले, आणि शाळा, क्रमिक पुस्तकें व सरकारी भाषांतरें यांतच त्यांचें उरलेलें आयुष्य गेलें. मराठी लिहितांना आज आपण जीं विरामचिन्हें सहज वापरतों, त्यांची ओळख करून देणारी त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० सालची. मेजर कँडींच्या हातून गेलेली मराठी फार सोंवळी झाली, अशी तक्रार पुढें झाली आणि ती अगदींच निराधार नव्हती.

मोल्सवर्थ यांच्याविषयीं मात्र ती तक्रार करतां येत नाहीं. पहिला कोश छापून झाल्यावर त्यांनीं इंग्रजी-मराठी कोशास हात घातला; पण प्रकृति ढांसळली आणि १८३६ सालीं तें काम अर्धें टाकून त्यांना स्वदेशीं जावें लागलें. तें थॉमस कँडी यांनीं १८४७ सालीं पुरें केलें. येथें गोष्ट संपली असती. ना सरकारी हुद्दा उरला होता, ना प्रकृति धड होती. तरीहि पहिल्या कोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ति काढण्यासाठीं सरकारनें बोलाविलें, तेव्हां १८५१ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, मोल्सवर्थ परत आले. सैनिक म्हणून सोडलेल्या देशांत ते शब्द वेंचण्यासाठीं आले.

सहा वर्षांच्या कष्टानंतर सुमारें साठ हजार शब्दांचा तो ग्रंथ तयार झाला. त्यांत 'हात', 'तोंड', 'पाणी' असले साधे शब्द काढून पाहावे. एकेका शब्दाखालीं वाक्प्रचारांची अशी रांग लागते कीं वाचणारा मूळ काम विसरतो. संस्कृत शब्द आहेतच. पण त्यांच्या पंक्तीला कुणब्याचे, सुताराचे, बायकांचे, लहान मुलांचे आणि भांडणाऱ्यांचेहि शब्द बसलेले आहेत. व्रतें, सण, देवतांचीं नांवें, जातींचे आचार, सगळें त्यांत आहे. ज्या माणसानें स्वतःच्या श्रद्धेपायीं उपजीविका सोडली, त्यानें दुसऱ्यांच्या श्रद्धेचे शब्द गाळले नाहींत, हें विशेष आहे. कोठें कोठें त्याचा शेरा तिखट लागतो. पण शब्द जागेवर असतो. उणीव आहे ती दुसरीकडे. कोशाचें काम मुंबईच्या बाजूस झालें आणि पहिल्या आवृत्तीच्या वेळीं वऱ्हाड तर निजामाच्या अमलाखालीं होता. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांकडे आला. त्यामुळें कोंकण आणि देश यांची बोली कोशांत जशी भरघोस उतरली, तशी घाटंजी-यवतमाळकडची उतरली नाहीं. इकडच्या माणसाला आपल्या शेतांतले आणि स्वयंपाकघरांतले शब्द त्यांत शोधतांना कित्येकदां रिकाम्या हातीं परतावें लागतें.

ग्रंथ मुंबईंत छापून निघाला तें साल १८५७. उत्तरेंत बंगालच्या पलटणी उठल्या होत्या, आणि ज्या मुंबईच्या फौजेंत हे तिघे एके काळीं होते तिच्यांतील सत्ताविसाव्या पलटणीनें जुलै महिन्यांत कोल्हापुरास बंड केलें. त्याच वर्षीं बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. बाबांचा जन्म बेळगांवचा, सालहि नेमकें १८३१, म्हणजे कोशाच्या पहिल्या आवृत्तीचें. ते १८५४ सालीं ख्रिस्ती झाले होते. एवढा थोरला कोश शाळकरी मुलांस विकत घेणें शक्य नव्हतें, म्हणून बाबांनीं त्याचा संक्षेप तयार केला आणि तो १८६३ सालीं निघाला. पुढें मूळ ग्रंथ दुर्मिळ झाला, तेव्हां १९७५ सालीं पुण्यास त्याचें पुनर्मुद्रण झालें. आतां तर तो संगणकावरहि पाहावयास मिळतो.

मोल्सवर्थ १८६० सालीं पुन्हां विलायतेस गेले, ते कायमचेच. १८७१ सालीं त्यांचें देहावसान झालें. थॉमस कँडी येथेंच राहिले. मित्रानें आरंभिलेल्या आणि आपण पुऱ्या केलेल्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ति त्यांनीं १८७३ सालीं काढली, आणि त्यानंतर चार वर्षांनीं महाबळेश्वर येथें ते वारले.