बियाची शिदोरी



शेजारी अंबरनाथला कारखाने आले, १९४९ साली उल्हासनगर वसले, तरी माझ्या लहानपणी बदलापूरकडे उल्हास नदीकाठी भातशेतीच होती. लावणीला माणसे मिळाली नाहीत की आजोबा 'रहू' पेरीत, म्हणजे भिजवून मोड आणलेले बी चिखलात फेकत.

एका वर्षी पेरले त्याच रात्री पाऊस कोसळला. खाचरात वीतभर पाणी! मी रडवेला झालो. आजोबा म्हणाले, "अरे, बी आपली शिदोरी घेऊन आलंय. ती संपायच्या आत पाणी काढलं की झालं." त्यांनी बांध फोडला. आठवड्यात खाचर हिरवे झाले.

शिदोरी म्हणजे दाण्यातले पिष्ट, हे पुढे वाचनात कळले. प्राणवायू नसला की गव्हाच्या दाण्याला ही गाठ सुटत नाही, भाताला सुटते. पिष्टाची साखर होते, ती आंबून थोडी ऊर्जा मिळते. एरवीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून भात मुळे-पाने थांबवून आधी कोंबाची नळी पाण्यावर काढतो, हवेसाठी.

२६ जुलै २००५ ला उल्हासचे पाणी बदलापुरात शिरले. तोवर लावणीच्या रोपांची दाण्यातली शिदोरी संपलेली असते. अशा वेळी तगते ते वाढ थांबवून साठा जपणारे भात. ओडिशाच्या एका जुन्या वाणात हा गुण आहे. त्यामागचे जनुक २००६ मध्ये सापडले.

आमच्या खाचरावर आज इमारत आहे. तुमच्याकडे कोणी अजून रहू पेरते का? जरूर कळवा.