देहनिकट अवकाश : आभासी वास्तवातील मापन

देहनिकट अवकाश म्हणजे शरीराला लागून असलेला, साधारण हात पोहोचेल एवढा परिसर. इथे दिसणाऱ्या वा ऐकू येणाऱ्या गोष्टींची सांगड मेंदू त्वचेच्या स्पर्शाशी घालतो. जाकोमो रिझोलात्ती आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मॅकाक माकडांवरील प्रयोगांतून हे दाखवले. मेंदूतील काही चेतापेशी चेहऱ्याला वा हाताला स्पर्श झाला की जाग्या होत, आणि त्याच भागाजवळ नुसती वस्तू आणली तरीही.

एडवर्ड हॉलने १९६६ साली मांडलेले सामाजिक अंतर ही वेगळी गोष्ट. क्लासेस आणि दुकानांनी गजबजलेल्या हैदराबादच्या दिलसुखनगरात, मेट्रोच्या डब्यात, हॉलची ४५ सेंमी.ची जवळिकीची मर्यादा अनोळखी माणसे रोज मोडतात. त्याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. पण शेजारच्याची सॅक तोंडाशी आली की मान आपोआप मागे जाते. अभ्यासाचा विषय ती मान आहे, शिष्टाचार नव्हे.

आभासी वास्तवाचा उपयोग इथे होतो. व्यक्तीच्या डोळ्यांवर हेडसेट असतो, छातीवर वा हातावर छोटा कंपक चिकटवलेला असतो. समोरून आभासी चेंडू ठरलेल्या वेगाने येतो. तो वेगवेगळ्या अंतरांवर असताना कंपन दिले जाते. जाणवताच बटण दाबायचे. चेंडू लांब असताना त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, एका टप्प्याच्या आत आला की प्रतिसाद जलद होतो. तो टप्पा म्हणजे अवकाशाची सीमा. खरा चेंडू दर वेळी त्याच वेगाने आणि रेषेत टाकणे कुणाला जमायचे?

ही सीमा धडाभोवती हातापेक्षा रुंद असते आणि चालताना पुढे सरकते. अवजारानेही ती वाढते: अत्सुशी इरिकी यांनी १९९६ मध्ये दाताळ्याने खाऊ ओढणाऱ्या माकडांत हे दाखवले. पांढरी काठी वापरणाऱ्या अंधांमध्ये काठी हाती असताना जवळचा अवकाश तिच्या टोकापर्यंत पोहोचतो, असेही आढळले आहे.

पद्धतीत उणिवा आहेत. हेडसेटमध्ये अंतरे बहुधा कमी वाटतात. शिवाय चेंडू येत असता जितका वेळ जाईल तितकी स्पर्शाची अपेक्षा वाढते आणि तेवढ्यानेही बटण लवकर दाबले जाते. म्हणून चेंडूविना वा दूर जाणाऱ्या चेंडूसह तुलना आवश्यक ठरते. बुफाकी आणि यानेत्ती यांनी २०१८ मध्ये शरीराभोवती एकच बुडबुडा असतो ही कल्पना नाकारून कृतीनुसार बदलणारी, हळूहळू विरळ होणारी अनेक क्षेत्रे मांडली. ही मांडणी अधिक पटणारी आहे. अवयव कोणता, वस्तूचा वेग किती, माणूस उभा की चालता, हे न सांगता दिलेला सेंटिमीटरचा आकडा निरुपयोगी असतो.