सोपाऱ्याची सहल

स्मरणिकेसाठी सहलीचा वृत्तांत मी लिहावा असे कार्यकारिणीत ठरले, तेव्हा मी साफ नको म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाच्या यादीपलीकडे फारसे काही लिहिण्याचा प्रसंग कधी आला नाही. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "जे पाहिलेत तेच लिहा, शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ." तेव्हा चुकले-माकले त्यांच्या पदरात घालून लिहीत आहे.

दरवर्षी आपली सहल देवदर्शनाची असते. यंदा मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी सोपाऱ्याचे नाव सुचवले, तेव्हा पुष्कळजणींनी नाके मुरडली. "नालासोपारा? तिथे काय पाहायचे? रोज विरार गाडीला लोंबकळून माणसे येतात तेच ना?" मीही हसणाऱ्यांतलीच. बाई म्हणाल्या, "मुंबई हे सात बेटांचे ओसाड ठिकाण होते, तेव्हा सोपारे हे राजधानीसारखे शहर होते. परदेशची गलबते तिथे लागत. एकदा चला तर खऱ्या." तिकीट थोडके आणि एका दिवसात परत, म्हणून शेवटी सत्तावीस बायका तयार झाल्या.

रविवारी सकाळी दादरहून गाडी धरली. उलट दिशेची गाडी, त्यामुळे बसायला जागा मिळाली. ही सुद्धा आमच्यापैकी काहीजणींना सहलच वाटली! बोरिवली जाईपर्यंत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा पहिला डबा संपला होता. भाईंदरची खाडी ओलांडताना बाईंनी सांगायला सुरुवात केली. सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक. महाभारतात पांडव तीर्थयात्रा करीत इथे आल्याचे वर्णन आहे. परशुरामाशीही या भूमीचे नाते जोडतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांच्या पुस्तकांत या बंदराचे नाव आहे. सिंहलद्वीपाच्या जुन्या ग्रंथात तर विजय राजपुत्र लंकेला पोचण्याआधी इथे उतरला होता असे सांगितले आहे.

स्टेशनाबाहेरच्या गर्दीत ह्यातले काही खरे असेल असे वाटेना. रिक्षा केल्या आणि पश्चिमेच्या बाजूने सोपारे गावात गेलो. तिथे ताडाची झाडे, गवत आणि त्यात विटांचा एक मोठा उंचवटा. हाच तो स्तूप. एकजण माझ्या कानाशी कुजबुजली, "एवढ्यासाठी पहाटे चारला उठले होते मी!" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. पण बाईंनी आम्हाला झाडाखाली बसवले आणि ती हकीकत सांगितली. त्यानंतर कोणी कुरकुर केली नाही.

गावचे लोक या उंचवट्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत काय आहे याची कोणाला कल्पना नव्हती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणून पाहिला. हे गृहस्थ मूळचे जुनागढचे. जुनागढजवळ गिरनारच्या वाटेवर अशोक राजाची लेख कोरलेली मोठी शिळा आहे. लहानपणापासून त्या अक्षरांनी त्यांना वेड लावले आणि त्या जुन्या लिपीचे ते मोठे जाणकार झाले. पुढे मुंबईस डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी पुष्कळ काम केले. स्तूपाच्या पोटात त्यांना विटांची चौकोनी कोठी लागली आणि तिच्यात झाकण घातलेला दगडाचा वाटोळा मोठा करंडा. त्याच्या मध्यभागी तांब्याची डबी आणि तिच्याभोवती फेर धरल्यासारख्या बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची, आणि स्फटिकाच्या डबीत सोन्याची. बरोबर सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णी राजाचे एक चांदीचे नाणे.

"आणि सोन्याच्या डबीत?" आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारले. कोणी हिरा म्हणाले, कोणी माणिक.

सोन्याच्या डबीत निघाल्या मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या त्या असाव्यात अशी समजूत. आपल्या घरी पितळेच्या डब्यात स्टीलचा डबा, त्यात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात मंगळसूत्र ठेवायची रीत आहे. इथे पाच डब्या, आणि आत खापऱ्या! आम्ही काही वेळ गप्पच होतो. या वस्तू आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. मूर्ती मात्र नाण्याहून कितीतरी शतकांनी नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या असल्याचे जाणते लोक म्हणतात. म्हणजे मध्ये केव्हातरी कोणीतरी हा करंडा उघडून, मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला असला पाहिजे. सोने हाती लागले असताना त्या माणसाने ते जागच्या जागी ठेवले, हे मला विशेष वाटले.

बुरूड राजा हे नाव कोठून आले असेल याचा मी घरी आल्यावर विचार केला. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा बुरूडच. जुन्या नावाचा अर्थ लोकांच्या तोंडी असा राहिला असेल काय? हे माझे आपले स्वयंपाक करताना सुचलेले. कोणी खरे धरू नये.

दुपारचे जेवण चक्रेश्वर महादेवाच्या देवळाजवळ तळ्याकाठी झाले. देवळाच्या आवारात जुन्या दगडी मूर्ती ठेवलेल्या आहेत. त्यांत ब्रह्मदेवाची उभी मूर्ती फार देखणी. ब्रह्मदेव असा सहसा पाहायला मिळत नाही. जेवताना बाईंनी दान देणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. नहपान राजाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपली दाने कोरून ठेवली आहेत. सोपाऱ्यात धर्मशाळा, बागा आणि तळी. डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावा. नारळाची बत्तीस हजार झाडे त्याने दान दिली, त्या दानातही सोपाऱ्याच्या रामतीर्थाचा वाटा आहे. बत्तीस हजार ऐकून आमच्यातल्या एका कोकणच्या काकूंनी दोन्ही हातांनी डोके धरले. मला मात्र आवडला तो सोपाऱ्याचा नागपालित मणिकार. त्याने कान्हेरीच्या डोंगरावर पाण्याचे टाके दिले. मणी घडवणारा माणूस, पण त्याने रत्न दिले नाही, पाणी दिले. एके काळी चाळीत नळापाशी रात्री बारा वाजता हंडे लावलेल्या बाईला त्याची किंमत विचारावी.

सोपाऱ्याच्या पूर्णाची कथाही तिथेच ऐकली. पूर्णाची आई एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी दासी होती. व्यापारी आजारी पडला. बायको आणि मुले त्याला टाकून गेली. दासी मात्र वैद्याकडे गेली, औषध विचारून आली, घरच्या उरल्यासुरल्यात भागवून तिने त्याला बरे केले. तिच्या पोटी आलेला हा पूर्ण पुढे चंदनाचा मोठा व्यापारी झाला, सहा वेळा समुद्रपर्यटन करून आला आणि मग सर्व सोडून बुद्धांचा शिष्य झाला. बाकीच्या बायका चंदनाविषयी विचारीत होत्या. माझ्या मनात ती दासीच राहिली. तिला कोणी पुसले नसताना ती आपल्या पायांनी वैद्याच्या दारी गेली.

आता जे लिहायचे ते लिहू की नको असा चार दिवस विचार करीत होते.

सोपाऱ्यास अशोक राजाच्या चौदा आज्ञांपैकी दोन आज्ञांचे तुकडे सापडले आहेत. आठवीचा तुकडा भगवानलालांना १८८२ साली भाटेळा तळ्याजवळ मिळाला आणि नववीचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. तुकडे मोडके आहेत, पण सबंध मजकूर गिरनार वगैरे ठिकाणच्या शिळांवरून ठाऊक आहे. गंमत अशी की आठवी आज्ञा आहे सहलींविषयी! पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रा काढीत. अशोकाने त्या सोडून बोधिवृक्षाकडे जाण्यापासून धर्मयात्रा सुरू केल्या, वृद्धांना भेटावे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलावे म्हणून. "म्हणजे आपली सहल सरकारमान्य आहे," असे कोणीतरी म्हणाले आणि हशा झाला.

नववी आज्ञा ऐकताना मला हसू आले नाही. राजा म्हणतो की आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मले असता, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगले करतात. त्यातही बायका फार, आणि क्षुल्लक व निरर्थक अशी. मंगले करावीत जरूर, पण असल्या मंगलांचे फळ थोडे. दासांना व सेवकांना नीट वागवणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांविषयी संयम, दानधर्म, हेच मोठ्या फळाचे मंगल.

बायकांत लगेच वाद सुरू झाला. एक म्हणाल्या, "बावीसशे वर्षे झाली तरी बोलणी बायकांनाच!" दुसऱ्या म्हणाल्या, "राजाला काय, त्याच्या घरी वैद्य बसलेला." मी काही बोलले नाही.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप भरला. संध्याकाळी सासूबाईंच्या सांगण्यावरून मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या उतरवून दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट कडक आहे असे ठरले. दुसऱ्या दिवशी अंगारा आणला, लिंबू ओवाळले. हे रात्रपाळीला होते. घरात पैसे होते, पण ते ज्या डब्यात होते त्याला हात लावायला मी विचारीत असे. तिसऱ्या दिवशी पोरीची मान वळेना, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात धावले. मेंदूज्वर निघाला. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने ती वाचली, पण डाव्या कानाने तिला तेव्हापासून ऐकू येत नाही. आधी आणली असती तर, एवढेच डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरे केले नाही. ते मी चौदा वर्षे पुरे करीत आहे.

राजाचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणवत नाही. पण दृष्ट काढणाऱ्या बाईच्या हाती त्या घटकेस दुसरे काय होते, तेही कोणी कोरून ठेवायला हवे होते. पूर्णाची आई दासी होती, पण तिला वैद्याच्या घरी जाताना कोणाला विचारावे लागले नाही. मी घरची सून होते.

दुपारनंतर आम्ही भुईगावास गेलो. केळीच्या बागा, भाजीचे वाफे, विहिरी. मुंबईच्या इतक्या जवळ एवढी हिरवाई राहिली आहे हे पाहून जीव निवला. सकाळपासून साऱ्याजणी "बंदर बंदर म्हणता, पण समुद्र कोठे?" असे विचारीत होत्या. तो इथे दिसला. सोपाऱ्याला वळसा घालून जाणारी खाडी होती, गलबते तिच्यातून आत येत. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार ठाण्याकडे आणि पुढे वसईकडे सरकला. कोणी शहर लुटून, जाळून संपवले असे नाही. पाणी हटले आणि माणसेही हटली. ओहोटीची वेळ होती. पाय भिजवायला बरेच आत जावे लागले. केळी घेऊन अंधार पडता पडता परतलो. येताना गाडीला बसायला जागा नव्हती हे सांगायला नकोच.

त्या आज्ञांचे तुकडे आता सोपाऱ्यात नाहीत, ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तीन आठवड्यांनी एका शनिवारी मी मुलीला घेऊन तिथे गेले. ती बारावीला आहे. काळसर दगड, त्यावर बारीक अक्षरांच्या ओळी. "काय लिहिलंय ग?" तिने विचारले. मी जेवढे ऐकले होते तेवढे सांगितले. मग बाकीचेही सांगितले. ते तीन दिवस, मिरच्या, डबा, सगळे.

ती दगडाकडेच पाहत होती. म्हणाली, "मला ठाऊक आहे. आजीनं जायच्या आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, चूक माझी, तुझ्या आईला बोल लावू नकोस."

सासूबाईंना जाऊन पाच वर्षे झाली. त्या माझ्याजवळ हे कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी काढले नाही.

मुलीने त्या अक्षरांतला क ओळखला. अधिक चिन्हासारखा असतो, असे तिने शाळेच्या पुस्तकात पाहिले होते. मग एका ओळीत किती क आहेत ते ती मोजू लागली. मी तिच्या उजव्या बाजूस जाऊन उभी राहिले आणि मोजू लागले.