पूर्णाकाठच्या मिठाच्या विहिरी

खाण म्हटली की तांबे, लोखंड, कोळसा असे काही डोळ्यांपुढे येते. वऱ्हाडच्या काळ्या फत्तरात तांब्याची खाण शोधू जाल तर निराशाच पदरी पडेल. परंतु बाळापूरकर श्रोत्यांना आम्ही सांगू इच्छितो की, आपल्यापासून फार दूर नव्हे, अकोल्याच्या उत्तरेस दहीहंड्याच्या परिसरात एके काळी एक खाण चालू होती. तिला सुरुंग नव्हते, बोगदे नव्हते. होत्या विहिरी, आणि माल होता मीठ!

समुद्रापासून इतक्या आत मीठ आले कोठून? आपल्या किल्ल्याजवळ मन आणि म्हैस एकत्र येतात. पुढे मन पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. या पूर्णेचे खोरे नुसत्या पाण्याने कोरलेले नाही. गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी भूकवचाला एक लांबच लांब भेग पडलेली आहे. तिच्या दक्षिणेकडची जमीन खचली, आणि त्या खोलगटात नद्यांनी लाखो वर्षे माती, वाळू व खडी आणून टाकली. हा गाळ कित्येक ठिकाणी शेकडो फूट जाड आहे.

भूगर्भ खात्याचे ए. बी. विन यांनी १८६९ साली या खोऱ्यावर टिपण प्रसिद्ध केले. त्या सुमाराच्या वर्णनांवरून दिसते की, दहीहंड्यापासून अमरावतीच्या अलीकडे आठदहा मैलांपर्यंत, सुमारे ३० मैलांच्या टापूत, पूर्णेच्या दोन्ही अंगांस मिठाच्या विहिरी होत्या. सर्वांत खोल विहीर १२० फुटांच्या आसपास. चिकणमाती भेदून खाली गेले की खडीचा थर लागे, आणि त्यातून खारे पाणी वर चढे. ते उपसायचे, उन्हात आटवायचे, की मीठ तयार. वैशाखातले आपले ऊन पाहता सरपणाचा खर्च कोणाला आठवला असेल असे वाटत नाही!

येथे पूर्वी समुद्र होता, असे पुष्कळ लोक सांगतात. कल्पना मोहक आहे. पण या गाळात सागरी प्राण्यांचे शंखशिंपले सापडलेले नाहीत. म्हणून अनेक अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे. खडक झिजताना सुटलेले क्षार खोलगटात साचले, निचरा नीट झाला नाही, आणि कोरड्या हवेच्या युगांत पाणी उडून जाऊन क्षार मागे राहिले. आम्हांसही हेच अधिक पटते.

ही खाण माल संपून बंद पडली नाही, ही गोष्ट मात्र विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. मिठावर सरकारचा कर व मक्ता होता. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली आणि समुद्राचे मीठ येणे सोपे झाले. त्याच अमलात विहिरींचे काम थांबले. जमिनीतले मीठ जमिनीतच राहिले. काढणारा मात्र गुन्हेगार ठरू लागला.

१९३० च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीस मीठ उचलले, तेव्हा वऱ्हाडच्या सत्याग्रहींपुढे प्रश्न पडला, समुद्र कोठून आणावा? त्यांनी दहीहंडा गाठले. तेथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडण्यात आला. पुढे १० जुलैस लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदकडे राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तो बहुतेकांना ठाऊक असतो. दहीहंड्याचे नाव तितके घेतले जात नाही, याची आम्हांस खंत वाटते.

मिठाचा कायदा गेला, पाणी तेच राहिले. आज या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश; बाळापूर तालुक्याचाही काही भाग त्यात येतो. ज्या पाण्यातून एके काळी धंदा चालला, तेच पाणी गावच्या घागरीत येऊ लागले तर काय होते, हे तेथल्या बायकांना विचारावे. अनेक गावांना वानसारख्या दूरच्या धरणाचे पाणी नळाने आणावे लागले आहे.

शेतीचे दुखणे याहून खोल. या पाण्यात सोडियमचे प्रमाण मोठे. ओलित केले की काळ्या जमिनीचे कण विस्कटतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरत नाही. म्हणून येथला शेतकरी विहिरीऐवजी शेततळे खणतो, पावसाचे गोडे पाणी साठवतो आणि हरभऱ्याला एखादे पाणी देतो. त्या तळ्याच्या बुडाखाली, बऱ्याच फुटांवर, तो खडीचा थर अजून भरलेलाच आहे.