उंच चाकाचा पाहुणा

बायसिकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य टॉमस स्टीव्हन्स हा होय. इ. स. १८८४ च्या एप्रिलच्या २२ व्या तारखेस तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, आणि १८८६ च्या डिसेंबरच्या १७ व्या तारखेस जपानातील योकोहामा बंदरी त्याची सफर संपली. चाकावरचा आणि चाक हाती धरून केलेला असा एकंदर प्रवास सुमारे १३,५०० मैलांचा भरला. या पराक्रमाचे वर्णन करताना लेखक बहुधा त्याच्या पायांचे व छातीचे कौतुक करतात, आणि ते कौतुक यथार्थच आहे. परंतु सूर्य मावळल्यावर हा मनुष्य कोणाच्या दारी उतरत असे, कोणाचे अन्न खात असे व कोणाच्या अंथरुणावर निजत असे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

स्टीव्हन्सचा जन्म १८५४ सालचा, इंग्लंडातील बर्कॅमस्टेड गावचा. तरुणपणी तो अमेरिकेस गेला. बायसिकलवर बसावयास तो सॅन फ्रान्सिस्कोत शिकला, आणि शिकला न शिकला तोच महाद्वीप ओलांडावयास निघाला! त्याचे यंत्र कोलंबिया नावाचे. त्याचे पुढील चाक ५० इंच व्यासाचे. मागील चाक त्या मानाने अगदीच चिमुकले. साखळी मुळीच नाही. पायाने फिरवावयाचे दांडे थेट पुढच्या चाकाच्या आसासच जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यास सुमारे तेरा फूट वाट मागे पडे. धावा भरीव रबराच्या. हवा भरलेली धाव डनलॉपने काढली ती १८८८ साली. स्वाराची बैठक जवळजवळ चाकाच्या माथ्यावर, तेव्हा वाटेत धोंडा आडवा आला की स्वार डोक्यावर आपटलाच म्हणून समजावे. चढ आला की उतरावे आणि गाडी ढकलीत न्यावी, याला इलाज नव्हता.

असल्या यंत्रावर ओझे ते कितीसे लादणार? स्टीव्हन्सने बरोबर घेतले ते मोजे, एक जादा सदरा, एक लहान पिस्तूल, आणि एक पावसाळी कोट. हा कोटच त्याचा तंबू व हाच त्याचा बिछाना. शिजविण्याची भांडी नाहीत, शिधा नाही, रजई नाही. उंटावरचा व्यापारी आपले घर पाठीशी बांधून चालतो. उंच चाकाच्या स्वारास ती सोय नव्हती. दररोज दिवेलागणीच्या सुमारास त्याला कोणाचे तरी दार गाठलेच पाहिजे, असा या यंत्राचा कायदाच होता.

१८८४ च्या ऑगस्टात तो बोस्टनला पोहोचला. न्यूयॉर्कात हिवाळा काढून १८८५ च्या मे महिन्याच्या २ तारखेस त्याने लिव्हरपूलहून पुन्हा प्रस्थान ठेवले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी या देशांत रस्ते बरे, खानावळी जागोजाग, आणि सायकल-क्लबांचे सभासद सामोरे यावयास तयार. त्या भागाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. कॉन्स्टॅन्टिनोपल ओलांडून तो आशियामायनरात शिरला, तेथून मात्र गोष्ट बदलते.

त्या काळी लोहमार्ग इझमिद गावापर्यंतच होता. अंगोरा, म्हणजे हल्लीचे अंकारा, तेथवर आगगाडी १८९२ साली गेली. इझमिदपुढे उंट, खेचरे व बैलगाड्या यांचेच राज्य. अंगोऱ्याच्या लांब केसांच्या शेळ्यांची लोकर याच वाटेने बंदरास येई. ऑगस्टच्या उन्हात, या वाटेवर, स्टीव्हन्सचा दिवस कसा जात असे? तो पहाटेस निघू पाही, परंतु गाव त्याच्याही आधी उठलेले असे. सगळ्यांची मागणी एकच, की बस आणि चालवून दाखव. दही-रोटीची न्याहारी पोटात गेली न गेली तोच गावात जी सपाट जागा असेल तेथे फेऱ्या मारून दाखवाव्या लागत, आणि मगच वाट मोकळी होई. पुढे डोंगराच्या चढणीवर गाडी ढकलावी; उतारावर जिवाच्या कराराने धरावी; समोरून तांडा आला तर जनावरे बुजतात म्हणून बाजूस उभे राहावे. खेचरवाल्यांचा संताप अकारण नव्हता. भार खाली पडून फुटला तर नुकसान त्यांचे!

संध्याकाळी दोन वाटा असत. एक म्हणजे खान, आपल्याकडील सराईसारखी जागा. तेथे छप्पर व कॉफी मिळे, पण अंथरूण ज्याचे त्याने आणावयाचे अशी रीत. दुसरी वाट म्हणजे गावातील पाहुण्यांची खोली. अनातोलियातील खेड्यांत एखादा मातबर गृहस्थ अथवा गावचा मुख्य अशी खोली राखीत असे, आणि तेथे येणाऱ्या वाटसरूस अन्न व रजई मिळे. अंथरूण नसलेल्या स्टीव्हन्सला ही दुसरी वाट किती मोलाची होती हे सांगावयास नकोच. पूर्वेकडे कुर्द लोकांच्या काळ्या केसाळ तंबूंतही त्याचे असेच आतिथ्य झाले. मोठ्या गावी अमेरिकन मिशनरी, आर्मेनियन व्यापारी अगर सुलतानाचे अंमलदार त्याची सोय लावीत.

आता यजमानाच्या बाजूने पाहावे. त्याने एका थकल्याभागल्या परक्यास घरात घेतले, आणि त्याच्यामागून सारा गाव घरात घुसला. खोली भरली, दार भरले, खिडकीत मुलांची डोकी. कोणी चाकाच्या आरा मोजतो, कोणी रबर चेपून पाहतो, कोणी पाहुण्याचा कोट हाताळतो. यजमानाने गर्दी हाकलावी तर शेजाऱ्यांशी वाकडे येते. न हाकलावी तर पाहुणा जागा राहतो. पाहुण्यास चार तुर्की शब्दांपलीकडे भाषा येत नाही. अशा वेळी ताटात वाढलेले अन्न हीच काय ती बोली. यजमानाला यातून मिळाले काय? दोन दिवस गावात त्याच्या घराचे नाव निघाले असेल, एवढेच.

स्टीव्हन्सच्या ग्रंथाचे दोन खंड १८८७ व १८८८ साली निघाले. ते वाचताना एक गोष्ट खटकते. ज्यांची रोटी खाल्ली त्यांच्या अडाणीपणाची, अस्वच्छतेची व धसमुसळ्या कुतूहलाची थट्टा त्याने पानोपानी केली आहे. त्याची रोज रात्री झोपमोड होई हे मान्य केले, त्या काळच्या इंग्रजी प्रवासवर्णनांचा सूरच तसा होता हेही मान्य केले, तरी हिशेब पुरा होत नाही. मात्र त्याच ग्रंथात दह्याच्या भांड्यांची व रजयांची नोंदही त्याने प्रामाणिकपणे ठेवली आहे, आणि त्यामुळेच आज यजमानांची बाजू मांडता येते.

तेहरानात त्याने हिवाळा काढला. तेथे खुद्द शहा नासिरुद्दीनने त्याला बायसिकल चालवून दाखविण्यास सांगितले. खेडूत आणि बादशहा, दोघांचीही हौस एकच! १८८६ च्या वसंतात तो पूर्वेस निघाला. रशियनांनी आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून त्याने अफगाणिस्तानात पाऊल टाकले. वेळ मोठी नाजूक होती. आदल्याच वर्षी पंजदेह येथे रशियन व अफगाण सैन्यांची चकमक झालेली, सरहद्द आखण्याचे काम चालू, आणि अमीर अब्दुर रहमानास एका इंग्रजाच्या जिवाची जोखीम पत्करावयाची नव्हती. अफगाण अंमलदारांनी स्टीव्हन्सला फराहजवळ अडविले, हेरातेस नेले, आणि तेथून इराणात परत धाडले. त्याचे खाणेपिणे त्यांनी उत्तम ठेवले, पण पहारा क्षणभर ढिला केला नाही. हा पाहुणचार म्हणावा की कैद? अंमलदारांच्या लेखी दोहोंत फारसा भेद नसावा. आपल्या छपराखाली असलेल्या माणसाचा केस वाकडा होता कामा नये, हे एकच कर्तव्य त्यांना कळत होते, आणि ते त्यांनी पार पाडले.

मग कॅस्पियन समुद्र, कॉकेशस, कॉन्स्टॅन्टिनोपल असा मोठा वळसा घेऊन तो आगबोटीने कराचीस उतरला. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने तो गेला. या रस्त्याची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. येथे त्याचा मुक्काम डाक बंगल्यांत पडे. दर ठरलेला, खानसामा हजर, पलंग तयार; पैसे द्यावे व पुढे व्हावे. सोय पुष्कळ झाली, पण ज्या मुलखातून तो जात होता तेथील घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला गेला. म्हणूनच की काय, त्याच्या हिंदुस्थानच्या वर्णनात रस्ता व ऊन ठळक आहेत आणि माणसे पुसट.

चीनमध्ये दैव पुन्हा फिरले. फ्रान्सशी नुकतेच युद्ध होऊन गेल्यामुळे परकीयांविषयी तेथे रोष धुमसत होता. एका शहरी जमावाने स्टीव्हन्सवर दगडफेक केली. तेथील सरकारी कचेरीच्या माणसांनी त्याला आत ओढून घेतले, स्वतः जमावाच्या रोषास तोंड दिले, आणि पुढे पहाऱ्यात नदीच्या वाटेने रवाना केले. ते नसते तर योकोहामाचे नाव या गोष्टीत आलेच नसते.

या घटनेनंतर सदतीस वर्षांनी, १९२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले. त्यांच्या सायकलींना साखळी होती, हवेच्या धावा होत्या, दोन्ही चाके सारखी होती. इराण आणि इराकचे वाळवंट मात्र तेच होते.

स्टीव्हन्स १९३५ साली लंडनमध्ये वारला. त्याची कोलंबिया बायसिकल ती बनविणाऱ्या कंपनीने पुष्कळ वर्षे जपून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा ती भंगारात देण्यात आली.