तंबाखूच्या पानातला विषाणू

कोल्हापुरातून बंगळूरच्या रस्त्याला लागले की कागलनंतर निपाणी येते. या पट्ट्यात तंबाखूची ओळख कोणाला करून द्यायला नको. पण विषाणू म्हणजे काय, हे जगाला पहिल्यांदा शिकवले ते याच तंबाखूच्या पानाने.

हॉलंडमध्ये तंबाखूवर हिरवे-पिवळे चट्टे पडत. आपल्याकडे भेंडीवर केवडा पडतो, तसा प्रकार. रोगट पानाचा रस टोचला की निरोगी रोपही आजारी पडते, हे अडॉल्फ मायर यांनी १८८६ मध्ये दाखवले. रशियाच्या दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये तो रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. तरी रोग होतच राहिला. खुद्द त्यांना गाळणीचाच संशय आला! १८९८ मध्ये मार्टिनुस बायरिंक म्हणाले, हे साधे विष नव्हे. विष रोपागणिक विरळ होत संपले असते. हे तर वाढते, आणि वाढते तेही फक्त जिवंत पानात. त्याला त्यांनी 'व्हायरस' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विषच.

खरी गंमत पुढे आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे मिठासारखे स्फटिक केले. बाटलीत ते निपचित पडून राहात. पानाला चोळले की रोग पुन्हा हजर. मग हा जिवंत म्हणायचा की मेलेला? हा वाद अजून मिटलेला नाही.

त्याची रचना मात्र साधी. मक्याच्या कणसावर दाणे बसावेत तशी प्रथिनाची २,१३० एकसारखी एककं, आणि त्यांच्या आत वेटोळे घालून बसलेला आरएनएचा एकच धागा. अशा काड्या टोकाला टोक लावून मांडल्या, तर एका मिलिमीटरमध्ये ३,००० हून अधिक मावतील. खाणे नाही, श्वास नाही. पेशीत शिरायचे आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घ्यायच्या. प्रतिजैविके घाव घालतात ती जिवाणूच्या स्वतःच्या यंत्रणेवर. विषाणूजवळ ती मुळातच नसते. म्हणून फ्लू झाल्यावर 'डॉक्टर, एखादे अँटिबायोटिक द्या' म्हणण्यात अर्थ नसतो.

तंबाखूच्या या विषाणूने माणसाला रोग होत नाही. (तंबाखूने होतो, ती गोष्ट वेगळी.) पण वाळलेल्या पानात तो वर्षानुवर्षे टिकतो. तळहातावर तंबाखू मळून तोच हात टोमॅटोच्या किंवा मिरचीच्या रोपाला लावला, तर तो तिथेही पोहोचू शकतो. रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा, असे शेतकऱ्यांना सांगतात ते यासाठीच.